रिकाम्या कचेरीतलं दमलेलं मशीन

परभणीच्या कापूस-जिनिंगच्या कचेरीत आल्याबरोबर महारुद्र आपल्या आणि शेजारच्या तिन्ही रिकाम्या टेबलांवरचे संगणकांचे पडदे चालू करायचा. बन्सीधर, शालू, तात्याराव, सगळ्यांची बदली संभाजीनगरच्या हेडऑफिसला झालेली. मागे उरलं जुन्या नोंदी साठवणारं कपाटाएवढं मशीन आणि ते राखायला हा. घरी जावं तर बायको बायनाबाई नातवाला सांभाळायला पुण्याला. माणसानं बोलावं तरी कुणाशी? म्हणून चारही पडद्यांवर तो एकच चित्र लावायचा, मशीन किती टक्के कामात आहे ते सांगणारं. आकडे हलत राहिले की त्याला कचेरी भरल्यासारखी वाटायची.

एक दिवस फोन वाजला. हेडऑफिसच्या संगणक विभागातल्या राजेश्री मॅडम होत्या.

"काका, तुमचं मशीन सत्तर टक्के कामात दिसतंय. कोण कोण बसलंय तिकडं?"

"कोणीच न्हाई मॅडम. मी एकटाच हाय."

"मग करतंय काय ते? सगळी सिस्टिमची स्वतःचीच कामं दिसतायत. जरा लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा म्हटल्यावर महारुद्र हयगय करणारा गडी नव्हे. त्यानं गोदामातून दोन जुने संगणक आणले, झटकले, जोडले आणि त्यांच्यावरही तेच चित्र लावलं. वर आकडा सेकंदासेकंदाला बदलेल अशी सोय केली. मशीन नव्वदवर गेलं.

"काका, वाढलं की हो!"

"मी डोळ्यात तेल घालून बघायलोय मॅडम."

मग रोजच फोन येऊ लागले. खोलीत गारवा आहे का? पंखा वाजतो का? एकदा तर त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का?" कित्येक महिन्यांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मशीन बरं व्हावं असं त्याला आता मनापासून वाटत नव्हतं.

शेवटी मॅडम स्वतःच आल्या. महारुद्रनं खुर्च्या पुसल्या होत्या, दोघांपुरती पिठलं-भाकरी आणली होती. राजेश्रीनं ओळीनं पेटलेले पडदे पाहिले आणि कपाळाला हात लावला. ती एकेक बंद करत गेली, तसा तिच्या मोबाइलवरचा आकडा उतरत उतरत तीनवर आला.

"काका, मशीन दुसरं काहीच करत नव्हतं. किती कामात आहेस, असं तुम्ही सहा ठिकाणांहून विचारत होता. ते बिचारं तेच मोजत बसलं होतं."

"मग हे तीन कशाचे?"

"तेवढं त्याला नुसतं चालू राहायला लागतं."

महारुद्र ओशाळला. "म्हंजे आता तुमचा फोन न्हाई यायचा," तो बोलून गेला. राजेश्रीनं त्या रिकाम्या टेबलांकडे पाहिलं. मग ती जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी त्यानं एकाही पडद्याला हात लावला नाही. कचेरी लय मोठी वाटायला लागली. हातावर हात ठेवून तो बसून राहिला, आणि फोन वाजला.

"काका, तीनच टक्के? बरे आहात ना?"

"तुमीच बंद केलात की सगळे."

"अहो, एक तरी लावत जा सकाळी. नाहीतर तुम्ही आलात ते मला इथं कसं कळणार?"

महारुद्रनं आपल्या टेबलावरचा पडदा लावला. तिकडे हेडऑफिसात मशीनचा आकडा तीनवरून वर सरकला.

"हां," राजेश्री म्हणाली, "आता दिसलात काका."