उकिरड्याचे सात टक्के

कंपनीच्या मातीवाल्याने ओसरीवर शेतातल्या मातीच्या नऊ पिशव्या ओळीने मांडल्या आणि थोरलीला बजावलं, "काकू, यांना कुणी हात लावू नका. तपासायला जायच्यात."

हात लावू नका म्हटल्यावर थोरलीने हात लावला नाही, अशी वस्तू त्या घरात अजून आलेली नव्हती.

"तपासून काय बघणार?"

"मातीत कार्बन किती आहे ते."

थोरली शाळेत गेली ती दोन इयत्ता. कार्बन तिला ठाऊक होता तो पावतीपुस्तकातला. दोन पानांमध्ये सरकवायचा काळा कागद, शिवला की बोटं काळी. "तो जमिनीत कशाला घालताय?"

"घालायचा नाही, काकू, साठवायचा. हवेतला कार्बन मातीत मुरवायचा. पाच वर्षं नांगर घालायचा नाही, धसकटं जाळायची नाहीत, पालापाचोळा जागेवरच कुजू द्यायचा. कार्बन वाढला की कंपनी तुम्हाला क्रेडिट देणार."

"चाळीस वर्षं जमीन मी कसली आणि क्रेडिट कंपनी देणार?"

"ते क्रेडिट वेगळं. त्याचे पैसे मिळतात."

"वेगळं-बिगळं काही नसतं. राबणाऱ्याला मिळत नाही, त्याला क्रेडिट म्हणतात."

मातीवाल्याच्या मागे उभा असलेला मुलगा आईला डोळ्यांनी गप्प बसायला सांगत होता. त्याचं सगळं या नऊ पिशव्यांवर अडलं होतं. दूरच्या शहरात एका गोदामात त्याला नोकरी लागली होती. शेत योजनेत बसलं, तर कंपनी त्यालाच इथल्या शेतकरी गटाचं काम देणार होती, म्हणजे तो घरीच राहणार. थोरली त्याला तोंडावर म्हणाली होती, "जायचं तर जा, मी काही दावणीला बांधलेलं नाही." पण तेव्हापासून तिच्या हातून भाजीत दोनदा मीठ पडत होतं.

मातीवाला मुलाला घेऊन बांधापलीकडे धाकट्या जावेच्या शेतात नमुने घ्यायला गेला. थोरलीने पहिली पिशवी सोडली. आत फिकट, ढेकळांची माती. तिने चिमूटभर बोटांवर चोळली. बोटं काळी झाली नाहीत.

ही माती परीक्षेला बसणार, आणि तीही धाकटीच्या मातीशेजारी. धाकटी दर वर्षी धसकटं पेटवून देते आणि राख वाऱ्यावर सोडते. तिच्यापुढे नाक खाली?

घरात सगळ्यात काळी माती कुठे, हे थोरलीला कुणाला विचारावं लागलं नाही. गोठ्यामागचा उकिरडा बारा वर्षांत तळापर्यंत कुणी उपसला नव्हता. तिने फावडं घेतलं, तळाची काजळासारखी माती काढली, नऊ पिशव्या रिकाम्या करून पुन्हा भरल्या आणि गाठीसुद्धा होत्या तशाच मारल्या.

सून दारात आली. "आई, हे काय चाललंय?"

"नवऱ्याची नोकरी पक्की करतेय तुझ्या. तू चहा टाक."

तीन आठवड्यांनी मातीवाला आला तो कागद दोन्ही हातांत धरून.

"काकू, तुमचे सात टक्के."

थोरलीने बांधाकडे पाहिलं. धाकटी ऐकत होती. म्हणून थोरलीने मोठ्याने विचारलं, "आणि तिचे?"

"शून्य पॉइंट तीन."

"म्हणजे नापास."

"नाही, काकू. त्या पास. नापास तुम्ही."

थोरलीने आयुष्यात बरंच ऐकलं होतं, पण हे नव्हतं.

"भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठे ओतणार?" मातीवाला म्हणाला. "आम्हाला रिकामा हंडा हवा असतो. आज कार्बन जितका कमी, तितका पुढे वाढायला वाव. तुमची जमीन काठोकाठ भरलीय. अशी माती मी उभ्या नोकरीत पाहिली नाही."

"कशी पाहणार," सून आतून पुटपुटली.

मुलाने माळ्यावरची बॅग खाली काढली. बांधावरून धाकटीचा आवाज आला. "ताई, आमची माती फारच वाईट निघाली हो. तुमच्यासारखी गुणाची असती तर आम्हीही घरी बसलो असतो. गटाचं काम बघायला आता जावयाला बोलावतेय."

बॅगेत तीन सदरे गेले, टॉवेल गेला. चौथ्या सदऱ्याला सुनेने सासूला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, सांगून टाका."

"काय सांगू? उकिरडा परीक्षेला बसवला म्हणून? गावात माझं नाक राहील का?"

"नाक राहील. नवरा जाईल माझा."

सून सहसा बोलत नसे. बोलली की असं बोलत असे. थोरली पदर खोचून शाळेच्या खोलीत गेली, जिथे मातीवाला योजनेत बसलेल्यांची सभा घेत होता. धाकटी पहिल्याच बाकावर होती. थोरली बसली नाही.

"साहेब, ती माती माझ्या शेताची नव्हती. उकिरड्याची होती. मी बदलली."

खोलीत कुणीतरी हसलं. थोरलीने वळून पाहिलं, तेव्हा ते कुणीच नव्हतं.

"काकू, ही फसवणूक झाली," मातीवाला म्हणाला.

"फसवून माझा फायदा झाला का? फसवून ज्याचा तोटा होतो, तो चोर नसतो, खुळा असतो. पोराला परीक्षेला धाडताना मळका सदरा घालतं का कुणी? मला काय ठाऊक, तुमची परीक्षाच मळक्या सदऱ्याची. नापास हवे होते तर तसं आधी सांगायचं. चूक अर्धी माझी, अर्धी तुमची. माझी मी बोलून दाखवली. आता तुमची तुम्ही निस्तरा. उठा."

मातीवाला उठला. का उठलो, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. त्याने गिरमिटाने नऊ जागी पुन्हा माती काढली, प्रत्येक पिशवीवर सही केली आणि पिशव्या ओसरीवर न ठेवता थेट गाडीत ठेवल्या. गाडीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली आणि मगच चहा घेतला.

पुढचे तीन आठवडे ती बॅग पलंगावर अर्धवट भरलेली पडून होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं आणि सगळे तिच्याकडेच बघत होते.

मग कागद आला. शून्य पॉइंट चार.

"घेतलं, काकू, तुमचं शेत. गटाचं कामही तुमच्या मुलाकडेच."

मुलाने बॅग उलटी करून सदरे पलंगावर ओतले. सून आत गेली, तिच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात, या उकिरड्याने मात्र घरादाराचीच दैना केली होती, ती एकदाची फिटली. शेजारपाजारचे जमले आणि "किती कमी कार्बन निघाला हो, छान झालं" म्हणू लागले. थोरली ते कडू काढा घ्यावा तसं घेत होती.

धाकटीही बांध ओलांडून आली. "अभिनंदन हो, ताई. शून्य पॉइंट चार म्हणजे काही वाईट नाही. आमचे पॉइंट तीन आहेत, पहिला नंबर आमचाच, पण तुमचंही चालून जाईल."

थोरलीने गाडीत बसू पाहणाऱ्या मातीवाल्याला हाक मारली.

"साहेब, ते गिरमिट काढा बाहेर."

"आता कशाला, काकू?"

"पुन्हा मोजा. ओढ्याकडचा तुकडा तुम्ही नीट बघितलाच नाही. आमची माती हिच्या मातीपेक्षा खराब निघाली नाही, तर मला थोरली म्हणू नका."