ब्लू जेच्या झाकणावरची तिसरी सही

मी मत्सरी माणूस नाही. हे मी कोणी न विचारताच सगळ्यांना सांगत असतो. माझ्या मित्राला, परीक्षितला, माझ्या आधी ग्रीन कार्ड मिळालं, तेव्हा पेढे मी वाटले. त्याच्या परसातल्या झाडाला बारा महिने लिंबं लटकलेली असतात आणि माझ्या झाडाला नुसते काटे, तरी त्याने दिलेली लिंबं मी आनंदाने खातो. खाताना तोंड वाकडं होतं, ते लिंबामुळे!

पण सहन करायलाही काही मर्यादा असते की नाही? गेल्या उन्हाळ्यात परीक्षितने एक कॉम्प्युटर विकत आणला. नवा नाही, १९७७ सालचा!

आमच्या सांता क्लाराच्या बाजूला गॅरेज म्हणजे देवघराच्याही वरची जागा. पन्नास वर्षांपूर्वी इथल्या पोरांनी गॅरेजमध्ये बसून, तारांना डाग देत देत, घरी वापरायचे पहिलेवहिले कॉम्प्युटर जोडले. मग क्लबात जमून ते एकमेकांना दाखवायचे आणि एकमेकांवर जळायचे. म्हणजे ही परंपरा जुनीच आहे, मी सुरू केलेली नाही. त्यातल्या काहींच्या कंपन्या जगभर पसरल्या, बाकीच्यांचं दिवाळं निघालं. परीक्षितचं मशीन दिवाळं निघालेल्यांचं. कंपनीचं नाव ब्लू जे. मोजकेच नग बनले आणि दुकान बंद! पिवळट पडलेल्या प्लॅस्टिकचं एक खोकं, त्याला कीबोर्ड आणि माहिती साठवायला चक्क गाण्याच्या कॅसेटचा टेपरेकॉर्डर.

पण खरी गंमत झाकणाच्या आतल्या बाजूला. तिथे मार्करने केलेल्या तीन सह्या. पहिली वॉल्टरची, दुसरी हँकची. हे दोघे ब्लू जेचे मालक. तिसरी मात्र पार पुसट, नुसता काळा फराटा. ती कोणाची, हे कोणालाच माहीत नाही!

"हा तिसरा माणूस कोण, हीच तर मिस्टरी आहे यार!" परीक्षित दर पार्टीत झाकण उचलून सांगायचा. सगळे आ वासून बघायचे. मी बशीतली भजी चिवडत बसायचो. अहो, माझ्या गॅरेजमध्येही वस्तू आहेत! तांदळाची पोती आहेत, ट्रेडमिल आहे. ते बघायला आजवर कोणी वाकलं नाही.

फोटो तर त्याने आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इतक्या वेळा टाकले की एके दिवशी बसून मी एकूण एक डिलीट केले. फोनमध्ये जागा हवी होती म्हणून! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दसऱ्याच्या आठवड्यात परीक्षितच्या घराला वाळवी लागल्याचं कळलं. ऐकून मला जरा बरं वाटलं. इथे वाळवी लागली की अख्ख्या घरावर तंबू टाकतात, आत गॅस सोडतात आणि माणसांना बाहेर काढतात. परीक्षित ऑफिसच्या कामाला ऑस्टिनला निघाला आणि जाताना ब्लू जे आणि पिशवीभर लिंबं घेऊन माझ्या दारात हजर!

"शनिवारी जुन्या कॉम्प्युटरांचं फेअर आहे. वॉल्टर स्वतः येणारेत! पंच्याऐंशी वर्षांचे आहेत, पुन्हा कधी भेटतील कोण जाणे. मी शुक्रवारी येतो, तोपर्यंत सांभाळ. यार, हे तुझ्याशिवाय कोणाकडे ठेवणार?"

"डोन्ट वरी," मी म्हणालो.

ब्लू जे मी हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवला. काय सांगू, हॉलला वजन आलं! माझी आई तेव्हा साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आली होती. चष्मा पुसून ती बघायला लागली.

"हे काय रे?"

"ऐतिहासिक कॉम्प्युटर आहे, आई. फार दुर्मिळ."

"कोणाचा?"

आता इथे परीक्षितचं नाव घ्यायला माझं काय जात होतं? पण आईचं आधीच 'परीक्षितची लिंबं बघ, परीक्षितचं अंगण बघ' असं चाललेलं. जीभ घसरली ती घसरलीच.

"आपलाच!"

आईचा चेहरा असा काही खुलला की ते शब्द परत घ्यायचा धीर झाला नाही. तिने साताऱ्याला मावशीला फोन करून कळवूनसुद्धा टाकलं.

गुरुवारी दसरा. मी ऑफिसातून घरी आलो तर हॉलभर उदबत्तीचा वास! ब्लू जेला झेंडूची माळ, कीबोर्डवर हळदकुंकू, पुढ्यात नैवेद्याची वाटी. खोकं असं लखलखत होतं की १९७७ सालीही तेवढं लखलखलं नसेल. हळद नेमकी कुठे लागलीय ते कळत नव्हतं, कारण प्लॅस्टिक आधीचंच पिवळं.

"आपल्या घरातलं यंत्र, दसऱ्याला पूजा नको?" आई म्हणाली. "आधी घासून घेतलं. फार मळलं होतं रे!"

मी झाकण उचललं. आत एक रेघ शिल्लक नाही!

"आतून कोणा कार्ट्याने मार्करने रेघोट्या मारून ठेवल्या होत्या. साबणाने जाईनात मेल्या. मग लिंबू आणि सोडा लावून घासल्या. खांदा भरून आला माझा!"

लिंबंही परीक्षितचीच!

"आई! त्या सह्या होत्या! आणि हा कॉम्प्युटर आपला नाही, परीक्षितचा आहे!"

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग तसं सांगायचं! दुसऱ्याच्या वस्तूला मी हात तरी लावला असता का? तूच म्हणालास, आपला!"

तेवढ्यात नेत्रा, म्हणजे माझी बायको, घरी आली. झाकण बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"श्रीराम, खरं सांग. तू मुद्दाम तर नाही ना..."

"नेत्रा!"

"नाही, तू फोटो डिलीट केले होतेस म्हणून विचारलं."

बघा! सख्ख्या बायकोचा विश्वास नाही! मग परीक्षित काय म्हणणार? मी मत्सरी नाही हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगून ठेवलं होतं की आता कोणालाच ते पटणार नव्हतं. वीस वर्षांची मैत्री लिंबू-सोड्यात गेली म्हणायची! हे मात्र मला खरंच लागलं. तो ऑस्टिनला निर्धास्त बसला होता, माझ्या भरवशावर.

एकच उपाय होता. सह्या पुन्हा करायच्या! पण कशावरून? फोटो तर मीच उडवले होते. शेवटी परीक्षितला फोन लावला.

"अरे, तो सह्यांचा फोटो पुन्हा पाठव ना. सहज... बघावासा वाटला."

पलीकडे परीक्षितचा आवाज एकदम ओला झाला. "यार श्रीराम, तुला म्हणून सांगतो. मला वाटायचं तू माझ्यावर जळतोस. सॉरी हां!" आणि त्याने फोटोंचा पाऊस पाडला. डावीकडून, उजवीकडून, फ्लॅश लावून, फ्लॅश न लावता!

शुक्रवारी मी वर्क फ्रॉम होम घेतलं. मीटिंगचा कॅमेरा बंद केला आणि जेवणाच्या टेबलावर मार्कर घेऊन बसलो. पेपर टॉवेलच्या अख्ख्या गुंडाळीवर सराव केला. आमची मुलगी इला कॉलेजातून आली आणि मागून डोकावली.

"डॅड, दॅट्स लिटरली फोर्जरी!"

"रिस्टोरेशन म्हणतात त्याला. जा, अभ्यास कर."

वॉल्टर झकास उतरला. हँकही जमला. तिसरा तर नुसता फराटा, तो कोणीही मारेल! मी मार्कर टेकवला आणि दाराची बेल वाजली.

"परीक्षित आलाय!" नेत्रा ओरडली. "आधीच्याच फ्लाइटने!"

माझा हात घाईला आला. आणि वीस वर्षं कुरियरवाल्यांपुढे घाईघाईत जे करत आलो, तेच हाताने केलं. आधी 'श्री', मग लांबलचक शेपटी, खाली दोन टिंबं. माझी सही! बँकेपासून पासपोर्टापर्यंत मी मराठीतच सही करतो, त्याचा मला केवढा अभिमान! बाहीने खसाखसा पुसलं. शाई वाळली होती.

"आई, लिंबू!" मी दबक्या आवाजात किंचाळलो. पण परीक्षित बूट काढून आतसुद्धा आला होता.

त्याने झेंडूची माळ बघितली, हळदकुंकू बघितलं. आई पुढे झाली. "मीच घासलं रे ते. मला ठाऊक नव्हतं तुझं आहे ते."

परीक्षितने झाकण उचललं. डोकं आत घालून निरखायला लागला. मी भिंतीला टेकून उभा.

"काकू," तो पुटपुटला, "हे तुम्ही केलंत?"

"हो रे. चुकलंच माझं."

परीक्षित आईच्या पायाच पडला! "काकू, पन्नास वर्षांचा मळ काढलात तुम्ही! तिसरी सही दिसायला लागली! हे बघा, 'श्री'! मराठी माणूस, यार! ब्लू जेच्या गॅरेजमध्ये आपला मराठी माणूस होता!"

आईने माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळ्यांनी गप्प राहा म्हणून विनवलं. खरं तर सुटलो म्हणून मी नाचायला हवं होतं. पण मला आला राग! सहीत 'श्री' दिसतंय, समोर जिताजागता श्रीराम उभा आहे, तरी या गृहस्थाच्या मनात माझं नाव येऊ नये? इतका का मी टाकाऊ?

शनिवारी फेअरला वॉल्टर आले. काठी टेकत टेकत. थरथरत्या बोटाने त्यांनी आपली सही कुरवाळली, हँकच्या सहीवर हात ठेवून जरा वेळ थांबले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बोट तिसऱ्या सहीवर आलं. आजूबाजूला गर्दी, सगळ्यांचे फोन वर. वॉल्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण एवढ्या लोकांसमोर 'आठवत नाही' म्हणायला तेही तयार नसावेत.

"ऑफ कोर्स!" ते म्हणाले. "श्री! ब्रिलियंट किड! वी कुडन्ट हॅव डन इट विदाउट हिम!"

"व्हॉट डिड ही डू?" परीक्षितने विचारलं.

"एव्हरीथिंग!"

टाळ्यांचा कडकडाट! मीसुद्धा वाजवल्या. स्वतःसाठी टाळ्या वाजवताना इतकं वाईट आजवर कोणाला वाटलं नसेल.

त्यानंतर ग्रुपवर जो धुमाकूळ सुरू झाला, तो थांबेचना. हा श्री म्हणजे श्रीधर, की श्रीपाद, की श्रीनिवास? नागपूरवाले म्हणाले, आमचाच. पुणेवाले म्हणाले, हस्ताक्षर बघा, पुण्याबाहेर असं वळण सापडणार नाही. मी हळूच लिहिलं, 'श्रीराम असू शकेल का?' लगेच मंडळाच्या अध्यक्ष वीणाताईंचं उत्तर. 'श्रीराम, प्लीज! सीरियस चर्चा चालली आहे.' शेवटी बहुमताने श्रीधर ठरला आणि दोन दिवसांत त्याचा श्रीधरपंत झाला.

मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात सत्कार ठेवला. श्रीधरपंतांचा शोध लावल्याबद्दल परीक्षितचा, आणि इतिहास उजळल्याबद्दल माझ्या आईचा! शाल, नारळ, सगळं. पडद्यावर माझी सही, बैलगाडीएवढी मोठी केलेली! आणि मी? मी चौथ्या रांगेत चिवड्याची पुडी घेऊन.

वीणाताईंनी आईच्या हातात माइक दिला.

"अहो, कसलं काय," आई म्हणाली, "मी तर सगळं पुसून टाकलं होतं!"

"बघा, केवढा हा विनय!" वीणाताई म्हणाल्या. टाळ्या! मग आईने मान वळवून पडद्याकडे बघितलं. तिला राहवलं नाही.

"आणि ही तर आमच्या श्रीरामची सही आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर माझ्या नावाने हाच करायचा, तेव्हापासून ओळखते मी ती टिंबं!"

सभागृह हसून हसून लोटपोट! "आईला सगळीकडे आपलं लेकरूच दिसतं," वीणाताईंनी डोळे पुसले.

इथे मी गप्प बसलो असतो तर वाचलो असतो. नेत्राने माझा हातही दाबून धरला होता. पण तेवढ्यात परीक्षितने माइक घेतला आणि म्हणाला, "श्रीधरपंतांसारखी माणसं पुन्हा होत नाहीत!" आणि माझा तोल गेला. प्रामाणिकपणा वगैरे काही नाही हो, नुसता जळफळाट! मी ताडकन उठलो.

"कसला श्रीधरपंत? ती सही माझी आहे! आईने खऱ्या सह्या पुसल्या, मी मार्करने नव्या केल्या! तिन्ही मीच केल्या!"

कोणी चिवडाही चावेना.

"थांबा, दाखवतोच!" मी स्टेजवर गेलो, वीणाताईंच्या हातातलं पेन हिसकावलं आणि कागदी नॅपकिनवर सही ठोकली. 'श्री', शेपटी, दोन टिंबं. हुबेहूब! नॅपकिन परीक्षितच्या नाकासमोर धरला.

परीक्षितने नॅपकिन बघितला. पडद्याकडे बघितलं. मग मला घट्ट मिठी मारली.

"यार," तो माझ्या कानात म्हणाला, "किती दिवस प्रॅक्टिस केलीस रे? इतका त्रास होतोय तुला? मला आधी बोलायचं ना!"

त्याचे डोळे भरून आले होते. सगळ्या सभागृहाने मला उभं राहून टाळ्या दिल्या, बरा होऊन घरी निघालेल्या पेशंटला देतात तशा.

गेल्या आठवड्यात माझा वाढदिवस झाला. परीक्षितने सहीचा तो मोठा फोटो काचेच्या फ्रेममध्ये घालून भेट दिला. खाली चिठ्ठी, 'तुझ्याकडेही असू दे, यार.' नेत्राने तो हॉलमध्ये लावलाय. आलेले पाहुणे विचारतात, "ही कोणाची सही?" आणि इला सांगते, "सम श्रीधरपंत. डॅडला त्याचा खूप इश्यू आहे."

माझा चेहरा बघून कळवळते ती फक्त आई. परवा फ्रेमसमोर बराच वेळ उभी राहिली, मग हळूच माझ्याजवळ आली.

"परीक्षितने लिंबं दिलीत आज ताजी," ती म्हणाली. "घासू का?"