आवाज नसलेला कॉम्प्युटर

सकाळी बटण दाबलं की भाषांतरकाराचा कॉम्प्युटर आधी कण्हायचा, मग खाकरायचा, आणि मग त्याच्या पोटातला पंखा असा काही घरघरायला लागायचा की टेबलावरचा चष्मा हळूहळू कडेला सरकायचा. पडद्यावर अक्षरं उमटेपर्यंत भाषांतरकाराची दाढी, अंघोळ आणि दुसरा चहा उरकलेला असे. एखादी फाईल मागितली तर कुणीतरी किडनी मागितल्यासारखा तो विचारात पडायचा.

भाषांतरकार यंत्रांच्या माहितीपुस्तिका आपल्या भाषेत आणायचा. सध्या टेबलावर पाण्याच्या पंपाची जाडजूड पुस्तिका होती. ती शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मिळाली नाही तर पुढची कामं दुसऱ्याकडे जातील, असं कंपनीच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात कळवलं होतं. पंपाच्या मागे गिझर, मिक्सर आणि शिलाई मशीन रांगेत उभी होती. ती सगळीच हातची गेली असती.

म्हणून सोमवारी बायकोचा धाकटा भाऊ स्क्रूड्रायव्हर घेऊन आला.

"भावोजी, हा कॉम्प्युटर नाही, हा पुरातन अवशेष आहे," तो डबा उघडत म्हणाला. आतून धुळीचा एवढा मोठा गोळा निघाला की भाषांतरकाराच्या लेकीने मांजर समजून त्याला हाक मारली.

मेहुण्याने रॅम वाढवली, जुनी डिस्क काढून नवी बसवली आणि तो खडखडणारा पंखा उपटून त्या जागी नवा, मुका पंखा लावला. बटण दाबलं. भाषांतरकार सवयीने दाढीला उठला, तोवर पडद्यावर सगळं हजर.

"झालं?"

"झालं."

"मग आवाज कुठंय?"

"आवाज नसतोच आता."

भाषांतरकाराला अगदी भरून आलं. त्याने मेहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

मंगळवारी सकाळी तो मोठ्या उत्साहाने कामाला बसला, आणि त्याची आई बरणी घेऊन आत आली.

"मोकळाच आहेस ना? एवढं झाकण उघडून दे."

झाकण उघडलं, तोवर बायको आली. "अहो, रिकामे बसलायत तर मटार सोला."

"मी काम करतोय."

"कशावर? बंद आहे की तो."

"चालू आहे. पडदा बघ."

"पडदा काय, टीव्हीचाही चालू असतो. म्हणून टीव्ही बघणं हे काम होतं का?"

तेव्हा कुठे भाषांतरकाराच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं या घरात एक नियम होता, आणि तो कुणी कधी बोलून दाखवला नव्हता. खोलीतून घरघर येतेय म्हणजे तो कामात, घरघर थांबली म्हणजे तो मोकळा. आईला ऐकू जरा कमीच यायचं, पण ती घरघर तिला फरशीतून पायांना कळायची.

भिंतीपलीकडचे निवृत्त स्टेशनमास्तरही याच नियमाने चालायचे. "आज आवाज नाही, म्हटलं मोकळे असाल," असं म्हणत ते दुपारी आले आणि खुर्ची ओढून त्यांनी आपल्या हर्नियाच्या ऑपरेशनची हकिकत पहिल्यापासून सुरू केली.

बुधवारही तसाच गेला. भाषांतरकार एका हाताने टाईप करत होता आणि दुसऱ्या हाताला आईने लोकरीची लड अडकवली होती. तशातच त्याने सुरुवातीची पानं कंपनीला पाठवून दिली. गुरुवारी सकाळी बाईंचा फोन आला.

"सर, पानं छान आहेत. फक्त पान नऊवर 'मोटर गरम झाल्यास फडकं धरून झाकण फिरवावं, नाहीच जमलं तर आईला सांगावं' असं आलंय."

"चुकून झालं."

"आणि पुढे 'पंपातील हवा काढून टाकावी व मटारची सालं वेगळी ठेवावीत.' उद्या संध्याकाळपर्यंत सगळं दुरुस्त करून द्याल ना? नाहीतर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल."

भाषांतरकाराने फोन ठेवला. त्याने खोलीचं दार लावलं आणि आवाज तोंडानेच काढायला सुरुवात केली. "घर्रर्रर्र." बरं चाललं होतं. वाक्य लांबलं की दम लागायचा, एवढंच. पण थोड्या वेळाने दार किलकिलं झालं.

"आई," लेक बाहेर ओरडली, "बाबा डोळे उघडे ठेवून घोरतायत."

बायको धावत आली. त्याच्या आईने त्याला पलंगावर आडवा केला आणि कपाळावर पाण्याची पट्टी ठेवली. पट्टी पडू नये म्हणून त्याला हलता येईना, आणि सबंध दुपार त्यात गेली.

पट्टी निघाल्यावर त्याने मेहुण्याला फोन लावला. "तो जुना पंखा आहे का?"

"भंगारात टाकणार होतो. का?"

"घेऊन ये."

"भावोजी, लोक आवाज घालवायला आमच्याकडे येतात."

"तू ये रे बाबा."

शुक्रवारी सकाळी टेबलाखाली पत्र्याचा एक रिकामा डबा आला. त्यात तो पंखा आणि एक बटण, बाकी काही नाही. भाषांतरकाराने बटण दाबलं. डबा कण्हला, खाकरला, घरघरला. चष्मा सरकायला लागला. बाहेर टीव्हीचा आवाज कमी झाला. "हळू बोला, तो कामात आहे," असं आई म्हणाली, आणि स्टेशनमास्तर दारापर्यंत येऊन परत गेलेले त्याला खिडकीतून दिसले. संध्याकाळच्या आत पंप बाईंकडे पोचला आणि गिझरही हाती आला.

मग सुखाचे दिवस सुरू झाले. कॉम्प्युटर आता इतका वेगात चालायचा की दिवसाचं काम दुपारीच संपायचं. उरलेला वेळ भाषांतरकार डबा चालू ठेवून, टेबलावर पाय पसरून रहस्यकथा वाचायचा. घर त्याच्यासाठी चवड्यांवर चालायचं. त्याला थोडी लाजही वाटायची, पण रहस्यकथा चांगली होती.

एका दुपारी तो भाजी घेऊन घरी आला, तर खोलीचं दार बंद आणि आतून घरघर. त्याने हळूच फटीतून पाहिलं. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. बायको त्याच्या खुर्चीत, टेबलावर पाय पसरून, त्याचीच अर्धी राहिलेली रहस्यकथा वाचत होती.

तो काही बोलणार, एवढ्यात आईने त्याची बाही ओढली.

"हळू. ती कामात आहे," आई कुजबुजली. मग तिची नजर त्याच्या हातातल्या पिशवीकडे गेली. "तू मोकळाच आहेस ना?"

भाषांतरकार मोकळाच होता. तो स्वयंपाकघरात गेला आणि मटार सोलायला बसला.