प्रत्येक फोटोतला माणूस

“तू डिटेक्टिव्ह न्हाईस मारोती, तू शाळा सोडलेलं रिकामं पोरगं हायस! ते भिंग ठेव खाली, बाबांना पेपर वाचायला लागतंय ते!”

चुलत बहीण दीपमालाताईचं हे बोलणं दुसऱ्या कुणी हसण्यावारी नेलं असतं. मारोतीचं डोकं मात्र काडी ओढल्यासारखं पेटायचं.

“ताई, तोंड सांभाळून! नांदेड, लातूर अन् अर्ध्या हदगाव तालुक्यात मिळून असं डोकं एकच हाय. शाळेला मी झेपलो न्हाई, म्हणून मी शाळा सोडली. मुदखेडला हरवलेली शेळी मी नुसत्या लेंड्यांवरून शोधली!”

“शेळी आपल्या पायानं घरी आली होती.”

“पण तिच्या मागं मीच होतो ना!”

भांडणाचं मूळ एका फोटोत होतं. फोटोत कसलं, सगळ्याच फोटोंत होतं.

दीड वर्षामागं दीपमालाचं लग्न लातूरच्या वैजनाथशी झालं. वैजनाथ कॅनडात नोकरीला. लग्नाची सुट्टी संपली अन् तो परत गेला, तवापासून नवरा-बायकोचा संसार मोबाईलच्या काचेवरच चालला होता. आता त्यानं तिला कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं. पण त्यासाठी तिकडच्या सरकारला पटवावं लागतं, की हे लग्न खरं हाय, कागदापुरतं न्हाई. त्याची फाईल नांदेडच्या आरती मॅडम करून देत होत्या. मॅडमनं दोघांना सांगितलं, लग्नाच्या प्रत्येक फोटोखाली लिहा, कोण उभं हाय अन् नातं काय.

दोघांनी आपापलं लिहून पाठवलं अन् तिथंच घोळ झाला. राखाडी सफारीतला, पन्नाशीचा, काळजीनं तोंड सुकलेला एक माणूस जवळजवळ सगळ्या फोटोंत होता. दीपमालानं त्याच्या फोटोखाली लिहिलं, ‘नवऱ्याचे मामा.’ वैजनाथनं लिहिलं, ‘बायकोचे काका.’

“एकाच माणसाला दोघांनी एकमेकांच्या घरात ढकललंय,” मॅडम म्हणाल्या. “तिकडचा साहेब म्हणंल, ह्यांना आपले सोयरेच ठाऊक न्हाईत, लग्न बनावट हाय.”

“मग ते फोटोच काढून टाका ना, मॅडम.”

“काढले. उरलं काय बघ. पंगतीचे दोन अन् बँडवाल्यांचा एक. त्यात तू पण न्हाईस. सोमवारपर्यंत नाव आण, न्हाईतर फाईल थांबली.”

फाईल थांबली म्हणजे अजून कैक महिने काचेवरचा नवरा. दीपमालाचा चेहराच उतरला.

आता कुणी म्हणंल, सासूला एक फोन लावायचा अन् विचारायचं. म्हणणारा आपल्याकडचा न्हाई, हे समजून घ्यावं. सोयऱ्याला ‘तुम्ही कोण’ म्हणून कुणी विचारतंय का? लग्नात इकडच्यांनी त्याला तिकडचा समजून फेटा बांधला, तिकडच्यांनी इकडचा समजून टॉवेल-टोपी दिली, अन् त्यानंही दोन्ही गुमान घेतलं. वैजनाथ तर त्याच्या पाया पडला होता. दीड वर्षानं सुनेनं विचारावं, ‘हे कोण?’ अन् तो निघावा सासूचा चुलत भाऊ, तर? “आईला विचारू नको,” वैजनाथनंही बजावलं, “मी सहा वर्षं बाहेर, मला सगळे कुठं ओळखू येतेत? पण आई लई चिडंल.”

दीपमालानं बाबांना विचारलं. दगडोबा पेपरामागून म्हणाले, “असंल कुणीतरी. लग्नात काय कमी माणसं असतेत?”

“काका साधे माणूस, त्यांना परेशान करू नको,” मारोती म्हणाला. “केस माझ्याकडं दे.”

त्यानं भिंग घेऊन फोटो तपासले. हळदीत तो माणूस न्हवता. अक्षतांच्या वेळी नवरदेवाच्या पाठीशी होता. सप्तपदीत नवरा-नवरीच्या मागं तोही अग्नीभोवती फिरला होता. घास भरवताना तर जिलेबीखाली हात पसरून उभा. नवं जोडपं लग्नाच्याच कपड्यांत माहूरला दर्शनाला गेलं, तर डोंगरावर पण हजर!

“चोर हाय,” मारोतीनं जाहीर केलं.

“चोरीला काय गेलं?”

“काहीच न्हाई. म्हणजे लई हुशार चोर हाय.”

दुसऱ्या दिवशी तो बसनं थेट लातूरला, ताईच्या सासरी धडकला. कारण सांगितलं, सहज आलो. सासूबाई शिवगंगाबाईंनी चहा ठेवला. समोर भिंतीवर जोडप्याची मोठी तसबीर, अन् मधोमध सफारीवाला! फोटोत त्याच्याही गळ्यात हार.

“तुमचे हे काका लई मायाळू बघ,” शिवगंगाबाई कौतुकानं म्हणाल्या. “आमच्या वैजूच्या खांद्यावरच्या अक्षता एकेक करून टिपत होते. सख्खा काका एवढं करणार न्हाई.”

मारोती चहा अर्धा सोडून उठला. म्हणजे इकडचा न्हाई, तिकडचाही न्हाई! परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं, तरी ह्याचा विचार सुटला न्हाई. तो माणूस कॅनडा सरकारनंच पाठवला असंल, लग्न खरं हाय का बघायला. पण सरकारी माणूस टॉवेल-टोपी घेईल का? ‘आपला घेईल,’ मन म्हणालं, ‘पण कॅनडाचा घेणार न्हाई.’ मग राहिलं काय? ताईचं जुनं प्रेमप्रकरण! पण माणूस पन्नाशीचा. म्हणजे प्रेम करणाऱ्याचा बाप! पोराच्या वतीनं नवरदेवावर डोळा ठेवायला आलेला. नजर बघा ना, सगळ्या फोटोंत नवरदेवावरच.

घरी आला तर ताई वैजनाथशी व्हिडिओवर बोलत होती. मारोतीनं मोबाईलच हिसकावला.

“दाजी, मन घट्ट करा. तो माणूस ताईच्या जुन्या प्रकरणातल्या पोराचा बाप हाय. मी छडा लावलाय.”

पलीकडून वैजनाथचा बारीक आवाज, “दीपू… असं काही होतं का?”

झालं! दीपमाला लाल झाली. “दीड वर्ष मी इथं कागद गोळा करून राहिले, अन् तू मला हे विचारतोस? ह्या येड्याचं ऐकून? राहू दे ती फाईल. न्हाई यायचं मला.” अन् ती भिंतीकडं तोंड करून बसली.

मारोतीला पहिल्यांदाच वाटलं, की केस सुटली पण काहीतरी तुटलं.

तेवढ्यात पेपर खाली आला.

“कोटवाला हाय तो,” दगडोबा म्हणाले.

“कोण?”

“शरणप्पा. परगावचा. कोट भाड्यानं देतो.” दगडोबांनी घसा खाकरला. “जावयाचा पोशाख आपल्याकडनं असतो. म्हटलं, एका दिवसासाठी तो जरीचा कोट विकत कशाला? पण नांदेडात भाड्यानं घेतला असता तर गावभर झालं असतं. म्हणून बाहेरून आणला. शरणप्पाची अट होती, ‘कोटासोबत मी येणार.’ मागं एक कोट हळदीत बुडून परत आला होता त्याचा.”

“अन् तुम्ही तर म्हणालात, कोट ड्रायक्लिनला दिलाय!” मोबाईलमधून वैजनाथ ओरडला. “दीड वर्ष झालं बाबा, मी वाट बघून राहिलोय!”

“जावयाला भाड्याचा कोट घातला, हे कोणत्या तोंडानं सांगू? पण माझ्या इज्जतीपायी लेकीचा संसार मोडत असंल, तर इज्जत गेली खड्ड्यात.” त्यांनी आपल्या मोबाईलवरून शरणप्पाला फोन लावला, स्पीकर सुरू केला अन् सगळा घोळ सांगितला.

“अय्यो, तो मरून रंगाचा कोट?” शरणप्पाला लगेच आठवलं. “नाव ल्ह्या की माझं. नातं? नातं कोटाशी. पण साहेब, साक्ष पायजे तर देतो. माहूरला वारं सुटलं, पोरगी गारठली, तर ह्या नवरदेवानं माझा कोट काढून तिच्या अंगावर टाकला. ती बसली दगडावर, कोटाची जर दगडाला घासून राहिली, माझा जीव वर-खाली! मी खुणावतोय, पण ह्याचं ध्यान पोरीकडंच. इतकी वर्षं कोट देऊन राहिलो, सगळे नवरदेव कोट सांभाळतेत. बायकोला सांभाळणारा हाच बघितला.”

मग दीपमालानं भिंतीकडनं तोंड फिरवलं. ती रडतही होती अन् हसतही होती.

“हेच लिहून द्याल का, शरणप्पा?”

“देतो की. सही पण करतो.”

“दीपू, चुकलो मी,” वैजनाथ म्हणाला. “उद्याच मॅडमकडं पाठव हे. अन् ते डिटेक्टिव्ह साहेब हायत का तिथं? दे बरं जरा त्यांच्याकडं फोन.”

मारोतीचा एक पाय चपलेत गेलाच होता.

“दाजी, आवाज तुटून राहिला तुमचा! हदगावला म्हैस हरवलीय कुणाची तरी, लई अर्जंट… मला आता निघावंच लागतं!”