धोंडबा अस्वलाची शून्य पावलं

एका जंगलात म्हातारे फार झाले होते. वाघ म्हातारा, माकडं म्हातारी, मधला वडसुद्धा म्हातारा. तेव्हा मुलांनो, म्हाताऱ्यांच्या तब्येतीसाठी एक नवं खातं निघालं आणि त्यावर कोल्हेसाहेब आले.

कोल्हेसाहेबांनी प्रत्येक म्हाताऱ्याला पावलं मोजणारा एकेक पट्टा दिला. दिवसाला पाच हजार पावलं चालायची. जो कमी चालेल तो अशक्त. अशक्ताला डोंगरपायथ्याच्या ‘विसावा’त हलवायचं, म्हणजे तो कुठे पडायबिडायचा नाही.

वानरअण्णांना पट्टा पायाला टोचला. त्यांनी तो शेपटीला बांधला. मग ते दिवसभर वडाखाली बसून चालण्याचे फायदे सांगत आणि सांगताना शेपटी हलवत. रोजची अकरा हजार पावलं सहज भरत. हळूहळू सगळी माकडं तिथेच बसू लागली.

धोंडबा अस्वल डोंगरमाथ्यावरच्या गुहेत राहत होता. पट्ट्यात त्याचे केस अडकत, म्हणून त्याने तो दारातल्या काट्याला टांगून ठेवला होता. पहाटे तो ओढ्यावर उतरे आणि पोकळ भोपळा पाण्याने भरून वर आणी. मग पुन्हा उतरे आणि दुसरा भोपळा भरून आणी. पहिला स्वतःला. दुसरा त्याच्या बायकोने, गिरजेने लावलेल्या मोहाच्या झाडाला. गिरजा जाऊन दोन वर्षं झाली होती. मोह अजून लहान होता.

महिना संपला. कोल्हेसाहेब वाटेत तीनदा बसून वर पोचले. धोंडबाने त्यांना पाणी दिलं.

“महिनाभरात शून्य पावलं,” कोल्हेसाहेब धापा टाकत म्हणाले. “धोंडबा, ही चढण तुम्हाला झेपायची नाही.”

“साहेब, तुम्ही आता प्यालात ते पाणी खालच्या ओढ्याचं आहे.”

“असेल. पण त्याची नोंद कुठे आहे?”

धोंडबा पट्टा बांधायला तयार झाला. महिनाभर थांबा म्हणाला, झाडाला दुसरं कोणी नाही म्हणाला. कोल्हेसाहेबांना वाईट वाटलं. मनाने ते चांगले होते. त्यांनी झाडाच्या पाण्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगितलं.

‘विसावा’त गादी मऊ होती. मध जागेवर येई, पाणी हातात येई. धोंडबा उठू लागला की दोन खारी धावत येत आणि म्हणत, “बसा हो काका, आम्ही कशाला आहोत?” दर सोमवारी वजन होई. ते तेवढंच भरे. मांड्यांतलं मांस गेलं होतं आणि पोटावर चरबी आली होती, पण काट्याला दोन्ही सारखीच. कोल्हेसाहेब शेरा लिहीत: प्रकृती स्थिर.

तिसऱ्या महिन्यात धोंडबाने घरी जायची परवानगी मागितली. कोल्हेसाहेब नाही म्हणाले नाहीत. पहिल्या वळणापर्यंत चढून दाखवा, एवढंच म्हणाले.

धोंडबा वीस पावलं चढला. एकविसावं उचललं नाही आणि तो एका दगडावर बसला. तिथून माथा स्पष्ट दिसत होता. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला.

कोल्हेसाहेबांनी त्याला हात दिला. हळू आवाजात म्हणाले, “पाहिलंत? वेळेवर खाली आणलं म्हणून. वर एकटे असतात, तर काय झालं असतं?”

धोंडबाने मान डोलावली. त्यालाही ते पटू लागलं होतं.

तात्पर्य: मुलांनो, म्हातारपणी बसून राहणं प्रकृतीला घातक असतं. म्हणून बसायचं ते नेहमी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली बसावं.