एका मिनिटाचे आजोबा

या, असे पुढे सरकून बसा. बुवांचा पेटी-तबला जुळेपर्यंत पद्माकररावांची गोष्ट सांगतो. हसायला हरकत नाही, पण शेवटाकडे जरा जपून.

पद्माकरराव नागपूरहून परदेशी, टॅलाला लेकीकडे आले ते तीन महिन्यांसाठी, आणि विमानं बंद झाल्यामुळे राहिले दीड वर्ष. २०२१च्या ऑगस्टात सगळं थोडं सैल झालं, तशी लेकीने, म्हणजे केतकीने, शहराबाहेरच्या थीम पार्कचं दोन दिवसांचं फॅमिली तिकीट काढलं. एक दिवस आजोबा, लेक आणि नात रेवती हिंडून आले. दुसऱ्या दिवसासाठी केतकीला रजाच मिळेना.

"जाऊ दे बाबा, वाया गेलं समजायचं."

"वाया? आपण ताटात तरी टाकतो का काही?"

त्यांनी मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'एक दिवस शिल्लक, निम्म्या किमतीत.' पाच मिनिटांत उर्मिलाचा फोन. शहराच्या दुसऱ्या टोकाला, ब्युमॉन्टला राहणारी, पेशाने नर्स, कोविड वॉर्डातून नुकती बाहेर आलेली.

"काका, मलाच द्या हं. शनिवारची एकच सुट्टी मिळालीय. पुढची मिळेपर्यंत पार्क हिवाळ्यासाठी बंद होईल. माझ्या लेकीला, नेत्राला, गेल्या वर्षीपासून कबूल करतेय."

तिकीट तिच्या फोनवर गेलं, पैसे पद्माकररावांच्या हातात आले.

शनिवारी सकाळी ते फोनवर कीर्तन ऐकत बसले होते. बुवा निरूपणात म्हणाले, मनात सल ठेवून नाम घेऊ नये. शेजारी रेवती आईच्या ईमेलमधल्या तिकिटाखालची बारीक अक्षरं वाचत होती.

"आजोबा, अर्धं वापरलेलं तिकीट विकायचं नसतं. लीगल अ‍ॅक्शन! यू ब्रोक द लॉ!" तिला कोण आनंद झाला.

"बाबा, कोण बघतंय? बसा गपचूप," घरूनच ऑफिसचं काम करणारी केतकी म्हणाली.

"वर बसलाय तो बघतोय," म्हणत त्यांनी नोटा एका कागदी पाकिटात घातल्या आणि बस पकडली. फोन घरीच राहिला, कीर्तन चालू ठेवून.

इकडे फाटकावर काय झालं होतं, तेही ऐका. पहिल्या दिवशी आत जाताना तिघांचा फोटो काढला होता, तोही मास्क लावलेला. पहारेकऱ्याने स्क्रीनवर पाहिलं. मास्कमधली बाई, मास्कमधली मुलगी. जुळलं!

"आणि आजोबा कुठेत? फॅमिली तिकीट आहे, सगळे एकदम आत जायला हवेत."

"येतायत," उर्मिलाच्या तोंडून निघून गेलं. मग ती फोन लावत राहिली. सहा वेळा. तिकडे केतकीच्या स्वयंपाकघरात बुवांचा गजर टिपेला पोचला होता.

नेत्राचा चेहरा उतरत चालला, आणि तेवढ्यात बसमधून कोण उतरलं? साक्षात पद्माकरराव! फोटोतलीच टोपी, तोच मास्क.

"हा काय तुमचा माणूस!" पहारेकरी हसला. "ग्रँड! चला, तिघंही आत."

उर्मिला डोळ्यांनी खुणावत होती. "बाबा, किती उशीर!" असंही मोठ्याने म्हणाली. पण पद्माकरराव घरून वाक्य पाठ करून आले होते, आणि ते वाक्य इंग्रजीत होतं. त्यांनी पाकीट तिच्या हातात कोंबलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मॅडम, आय सोल्ड यू धिस टिकेट. व्हेरी सॉरी. टेक युअर मनी बॅक."

पहारेकऱ्याचं हसू मावळलं. त्याला वाईट वाटलं, अगदी मनापासून. पण आता मागे रांग ऐकत होती. त्याने तिकीट रद्द केलं.

"मी नवीन काढून देतो," पद्माकरराव घाईघाईने म्हणाले.

"आजचं बुकिंग फुल्ल आहे, सर. सध्या अर्धीच माणसं आत सोडतो आम्ही."

पाकीट पर्समध्ये टाकून उर्मिलाने नेत्राचं जॅकेट नीट केलं. नेत्राने मात्र मान वर करून त्यांना विचारलं, "कुड यू नॉट हॅव बीन माय आजोबा? जस्ट फॉर वन मिनिट?"

पद्माकररावांना त्या दिवसापासून नाम घेताना सल आहेच.

तर मंडळी, एवढंच मागणं. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या उर्मिलेची आणि तिच्या लेकीची आठवण काढा. पद्माकररावांसाठी काही मागू नका. त्यांनी स्वतःच तसं बजावून सांगितलंय.