पडदा हॉलमध्ये, जावई आत

जावईबापूंनी एंटर दाबला आणि कान टवकारले. कॉम्प्युटर गप्प. पुन्हा दाबला, तरी गप्पच.

त्यांना दिसत नव्हतं, त्यामुळे कॉम्प्युटर बोलला तरच त्यांचं चालायचं. भाषांतराचा सगळा धंदा त्या बोलण्यावर उभा. जुनी सिस्टीम हल्ली अर्ध्या शब्दावर दम खायची, म्हणून आज त्यांनी नवी, मराठी बोलणारी सिस्टीम घालायला घेतली होती आणि तीही मेहुण्याला न कळवता. मागच्या खेपेला मेहुण्याने मोठ्या प्रेमाने कॉम्प्युटर दुरुस्त केला होता आणि "त्यातली ती बोलणारी बाई फार कटकट करत होती, बंद करून टाकली" असं सांगून खुशाल गावाला निघून गेला होता. जावईबापू बिचारे चार दिवस मुक्या डब्यासमोर बसून होते.

"या वेळी माझं मी करीन," त्यांनी सकाळीच बायकोला बजावलं होतं.

"आणि नाही जमलं तर?" तिने चपला घालता घालता विचारलं.

"तर बोलाव तुझ्या भावाला. यापुढे कायमचा कारभार त्याच्याच हाती."

आता ते तिसऱ्यांदा एंटर दाबणार, एवढ्यात हॉलमधून सासूबाईंची हाक आली. "अहो, इथे एक बाई सारखी म्हणतेय, भाषा निवडा, भाषा निवडा. कोण आहे ही?"

जावईबापूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांना कॉम्प्युटरच्या पडद्याचा उपयोग नाही, म्हणून मेहुण्यानेच भिंतीला भोक पाडून तो हॉलमध्ये टांगला होता. सासूबाई त्यावर मालिका बघत आणि जावईबापू आतल्या खोलीतून पुढचा भाग लावून देत. नव्या सिस्टीमने पाहुण्यासारखा थेट हॉल गाठला होता आणि पडद्याच्या स्पीकरमधून ती बोलत होती. आता मध्येच वायर उपटावी, तर काय बिघडेल याचा नेम नाही.

"आई, ती काय म्हणते ते मला तिथूनच सांगा."

"मराठी म्हणतेय."

सुरुवात झकास झाली. पण कुणाचाही निरोप जसाच्या तसा पोचवणं सासूबाईंच्या रक्तातच नव्हतं.

"आता काय म्हणते?"

"घड्याळाचं काहीतरी. ते सोडा, महत्त्वाचं नाही."

"आई, सगळंच महत्त्वाचं आहे."

"आता अटी मान्य आहेत का विचारतेय. मी म्हटलं, एवढ्या अटी तर आम्ही लग्नातही घातल्या नव्हत्या."

जावईबापूंनी मुकाट्याने अटी मान्य केल्या.

"आता जुन्या सामानाबद्दल बोलतेय. मी असते तर काढून टाकलं असतं."

जावईबापूंनी झटकन एंटरवरून बोट काढलं. त्या सामानात त्यांची आजवरची सगळी भाषांतरं होती. "नेमके शब्द सांगा, हात जोडतो."

"सगळं पुसून टाका, असं म्हणाली."

"थांबा, बाण खाली दाबतो. आता?"

"जुन्या फायली ठेवा."

"नक्की?"

"माझे कान शाबूत आहेत, जावईबापू."

त्यांनी एंटर दाबायला बोट उचललं, तोच बेल वाजली. सासूबाईंनी दार उघडलं आणि मेहुण्याचा आवाज घरात शिरला.

"सहज आलो होतो. हे काय, दाजी सिस्टीम घालतायत? मला नाही का सांगायचं? आलोच मी आत. आई, आधी ही बडबड बंद करतो. रिमोट कुठाय?"

संपलं, जावईबापूंना वाटलं.

"ठेव तो रिमोट," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, पण मी फक्त..."

"ती आमच्याशी बोलतेय. तू मध्ये पडू नकोस. तिकडे गप्प बस, नाहीतर घरी जा. जावईबापू, दाबा तुम्ही."

सासूबाईंनी पोटच्या पोराविरुद्ध जावयाची बाजू घ्यावी, हे लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच घडत होतं. जावईबापूंनी एंटर दाबला. मेहुण्याने पाणी मागितलं, ते प्यायला आणि थोड्या वेळाने तोंड पाडून निघून गेला.

संध्याकाळपर्यंत सगळं बैजवार झालं. फायली जागच्या जागी होत्या. बाईचा आवाज हॉलमधून आतल्या स्पीकरवर आला आणि पाठोपाठ खुर्ची ओढत सासूबाईही आत आल्या. जावईबापू खुशीत होते. बाईने "फाइल उघ" म्हणताच ते पुढे, "जतन क" म्हणताच त्याच्याही पुढे.

"हे काय?" सासूबाई म्हणाल्या. "बोलू द्या की तिला."

"सवय आहे, आई. दोन अक्षरं ऐकली की मला पुढचं कळतं."

"आमची मुलगीही हेच सांगते. म्हणते, मी तोंड उघडलं की यांना पुढचं कळलेलं असतं."

बायको नुकतीच कामावरून आली होती. स्वयंपाकघरातून येणारा तिच्या भांड्यांचा आवाज एकदम थांबला. जावईबापूंनी बाईचा वेग निम्म्यावर आणला, हात मांडीवर ठेवले आणि तिचं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी बायकोला हाक मारली.

"अगं, परवा तू काहीतरी सांगत होतीस. काय होतं ते?"

"आले," ती म्हणाली. "बसा निवांत. लांबलचक आहे."